गळ्यातलं बेंतीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सावंतवाडी, शाळा मराठी. लग्न होऊन गोव्यातल्या बार्देशात आले आणि सासूबाईंकडून बेंतीन शिवायला शिकले. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला असतं. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात. ते नऊ दिवस जुन्या गोव्यात नणंदेच्या खाज्यांच्या स्टॉलच्या कोपऱ्यात माझी टोपली मांडलेली असते. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडची मंडळी बसमधून उतरून दर्शनाला जाताना टोपलीपाशी थांबतात. त्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. एक तुकडा उचलून, उलटसुलट करून बघतात आणि विचारतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हे नेमकं आहे काय?

तपकिरी लोकरीच्या कापडाचे दोन छोटे तुकडे, साधारण दोन-अडीच इंचांचे, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन दोऱ्या. गळ्यात घातलं की एक तुकडा छातीवर येतो, दुसरा पाठीवर. इंग्रजीत याला स्कॅप्युलर म्हणतात. तो शब्द खांद्यांच्या लॅटिन नावावरून आला. गोव्यात मात्र सगळे बेंतीन म्हणतात. पोर्तुगीज बेंतिन्यूवरून आलेला हा शब्द, म्हणजे आशीर्वाद दिलेली छोटीशी वस्तू. फादर इंग्रजीत प्रवचन करताना स्कॅप्युलर म्हणतील, पण त्यांची आईसुद्धा घरी बेंतीनच म्हणत असणार.

एवढ्याशा तुकड्याला तुम्ही वस्त्र कसं म्हणता?

कारण ते वस्त्रच होतं, आणि तेही कामाचं. मला विचाराल तर सगळी गोष्ट इथे आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ५५ व्या प्रकरणात कपड्यांचा हिशेब आहे. कोणाला किती झगे, थंडीत कोणता, उन्हाळ्यात कोणता, पायात काय. त्यातच कामाच्या वेळी घालायचं स्कॅप्युलर सांगितलं आहे. शेतात, स्वयंपाकघरात, तबेल्यात राबताना आतला झगा मळू नये म्हणून. नंतरच्या काळात त्याला जो आकार आला तो सोपा आहे: खांद्याएवढ्या रुंदीचा लांबलचक पट्टा, मधोमध डोकं जाईल एवढी फट, पुढे आणि मागे घोट्यापर्यंत लोंबणारा. आपल्याकडे आचारी पुढे पंचा बांधतो, तसाच हा, फक्त पाठही झाकणारा.

पुढे वेगवेगळ्या संन्यासी संघांनी हे वस्त्र उचललं. ते खांद्यांवर असतं म्हणून त्याला ख्रिस्ताचं जू खांद्यावर घेण्याचा अर्थ चिकटला. मग संसारी माणसांना वाटलं, आम्हाला मठात जाता येत नाही, पण त्या घराण्यातले म्हणवून घ्यायचं आहे. त्यांचे संघ निघाले. सुताराला किंवा कोळणीला घोट्यापर्यंतचा पट्टा लोंबवत काम कसं करता येणार? म्हणून तो आखूड झाला, मग अंगरख्याच्या आत गेला, आणि आक्रसत आक्रसत तळहातात मावेल एवढा उरला.

सासूबाई शिकलेल्या फार नव्हत्या, पण त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तुकडा कापताना त्या म्हणायच्या, "फेस्ताचो न्हय गो, हो कामाचो कपडो." मी एकदा कडेला सोनेरी लेस लावली तर त्यांनी ती उसवायला लावली होती.

कार्मेल म्हणजे कोणतं गाव?

या तपकिरी बेंतिनाला कार्मेलचं बेंतीन म्हणतात, म्हणून हा प्रश्न. गाव नाही, डोंगर आहे. आजच्या इस्राएलमध्ये, हैफा शहराच्या डोक्यावर, समुद्राला लागून. बायबलमध्ये एलीया संदेष्टा याच डोंगरावर बआल देवाच्या पुजाऱ्यांना आव्हान देतो. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर त्याचा चाकर सात वेळा समुद्राकडे बघून येतो आणि सातव्या खेपेला माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येताना दिसतो. मग पाऊस कोसळतो. त्या लहानशा ढगात कार्मेलच्या संन्याशांनी पुढे मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, खूण पाहिली. गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्हीही तसेच समुद्राकडे बघत असतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून आलेले काही एकांतवासी त्या डोंगरातल्या झऱ्याकाठी राहू लागले. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेमचा धर्माधिकारी आल्बर्ट याने त्यांना जगण्याचा नियम घालून दिला आणि १२२६ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी त्याला मान्यता दिली. पवित्र भूमीत युद्धं पेटल्यावर त्यांना युरोपात परतावं लागलं. तिथे हे परके, अंगावर पट्ट्यापट्ट्यांची विचित्र शाल. लोक हसायचे. १२८७ मध्ये त्यांनी ती शाल सोडून पांढरी घेतली.

१२५१ मध्ये मरिया माता स्वतः प्रकट झाली आणि तिने बेंतीन दिलं, हे खरं का?

परंपरा अशी: कार्मेलकरांचा, म्हणजे याच संन्याशांच्या संघाचा, प्रमुख सायमन स्टॉक नावाचा इंग्रज संन्यासी. नवख्या देशांत आपला संघ टिकतो की नाही या चिंतेत तो प्रार्थना करत होता. १६ जुलै १२५१ रोजी मरिया त्याच्यासमोर आली, हातात संघाचं स्कॅप्युलर धरून म्हणाली की हे अंगावर असताना जो मरेल त्याला नरकाची आग भोगावी लागणार नाही. जागा बहुतेक जण इंग्लंडमधलं एल्सफर्ड सांगतात, काही जण केंब्रिज.

आता इतिहास. या दर्शनाचा लेखी उल्लेख सापडतो तो चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून, म्हणजे घटनेनंतर शंभरहून अधिक वर्षांनी. सतराव्या शतकात पॅरिसचा विद्वान जाँ द लोनुआ याने यावर जाहीर शंका घेतली. तेव्हा शेराँ नावाच्या एका कार्मेलकराने सायमनचा लेखनिक स्वॅनिंग्टन याचं म्हणून एक पत्र पुढे केलं. सगळा प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यासारखा त्यात लिहिलेला. ते पत्र बनावट होतं, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. श्रद्धा वाचवायला खोटा कागद आणला की श्रद्धेचंच नुकसान होतं, आणि ते नुकसान अजून भरून निघालेलं नाही. कारण शंका घेणारा प्रत्येक जण पहिला दाखला त्या पत्राचाच देतो.

सायमन स्टॉक मात्र काल्पनिक नव्हे. तो १२६५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला वारला आणि त्याच्या कवटीचे अवशेष १९५१ मध्ये एल्सफर्डला आणून ठेवले आहेत. झाडाच्या पोकळ खोडात राहायचा म्हणून स्टॉक हे नाव पडलं, ही मात्र दंतकथा.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी दर्शनावर विश्वास ठेवते. पण माझ्याशी वाद घालणाऱ्याला मी चुकीचा म्हणत नाही. कॅथलिक माणसावर हे दर्शन मानण्याची सक्ती नाही. चर्चने मान्यता दिली आहे ती या भक्तीला.

म्हणजे हे घालून मेलं की स्वर्ग पक्का?

टोपलीपाशी हा प्रश्न हसत विचारतात, पण कान देऊन उत्तर ऐकतात.

नाही. चोरी करावी, बायकोला मारावं, आणि गळ्यात बेंतीन आहे म्हणून निर्धास्त राहावं, असं कोणत्याही फादरने शिकवलेलं नाही. वचनाकडे सायमनच्या बाजूने बघा. तो संन्यासी, ऐकणारे संन्यासी. त्यांच्या दृष्टीने ते वस्त्र अंगावर असताना मरणं म्हणजे शेवटपर्यंत घराण्यात राहून, दिलेला शब्द पाळून मरणं. फौजेतला माणूस वर्दीत मेला म्हणतात तेव्हा कापडाबद्दल थोडंच बोलत असतात?

याला जोडूनच शनिवारचा प्रश्न येतो. मेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मरिया बेंतीनवाल्यांना शुद्धीस्थानातून, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात त्या जागेतून, आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत पुर्गातोरातून सोडवते, असा समज आहे. त्याला आधार म्हणून पोप जॉन बाविसावे यांचा १३२२ चा एक हुकूम दाखवतात. तो हुकूम खरा नाही, यावर इतिहासकारांचं जवळजवळ एकमत आहे. यावरून पोर्तुगालात वाद पेटला, रोमला गेला, आणि १६१३ मध्ये रोमने मधला मार्ग काढला: मरिया आपल्या लेकरांना मेल्यावरही मदत करते, विशेषतः शनिवारी, असा विश्वास बाळगायला हरकत नाही, पण हुकुमात लिहिल्याप्रमाणे मरिया शुद्धीस्थानात उतरते आहे अशी चित्रं काढू नका. तरी अशी चित्रं तुम्हाला अजून दिसतील.

मग हा ताईतच झाला की. फरक काय?

ताईत तुमच्या वतीने काम करतो. बांधला की तुम्ही मोकळे. बेंतीन घातल्यावर काम तुमच्यावर येतं.

मराठी माणसाला समजवायला मी तुळशीच्या माळेचं उदाहरण देते. वारकरी माळ घालतो ती कोणाच्या तरी हातून, शब्द देऊन. त्या दिवसापासून मांस-दारू बंद, एकादशी चालू, वारी चालू. माळकरी माणूस गुत्त्यावर दिसला तर गाव म्हणतं, "मग माळ कशाला घातलीस?" तुळशीच्या मण्यांत जादू आहे असं त्या गावाला वाटत नसतं. त्याने शब्द मोडला, एवढंच त्यांना दिसतं. बेंतीन त्याच जातीचं. आपल्या परिस्थितीप्रमाणे शुद्ध आचरण, रोजची प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आणि मरियेसारखं जगण्याचा प्रयत्न, एवढं घालणाऱ्याकडून अपेक्षित असतं. प्रार्थना कोणती, हे फादर ठरवून देतात. बहुतेकांना रोजची तेर्स, म्हणजे रोजरी, जपमाळेवरची प्रार्थना सांगतात.

गोव्यात ताईतासारखं घालणारे नाहीतच असं मात्र म्हणवत नाही. नव्या स्कूटरच्या आरशाला बेंतीन लटकवलेलं मी पाहिलं आहे. ते हलकेच काढून खिशात ठेवायची फार इच्छा झाली होती.

घालण्याचा विधी असतो का? की विकत घेऊन घातलं तरी चालतं?

पहिल्या खेपेला विधी लागतो. फादर तुकड्यांना आशीर्वाद देतात, तीर्थ शिंपडतात आणि आपल्या हाताने गळ्यात घालतात. घालताना म्हणतात त्याचा आशय असा, की हे वस्त्र स्वीकार, मरियेच्या मध्यस्थीने ते निष्कलंक राख. पाच मिनिटांचं काम. त्या दिवसापासून तुम्ही कार्मेलच्या घराण्यातले. पहिलं बेंतीन कापडाचंच हवं.

हा विधी आयुष्यात एकदाच. पुढे ते झिजलं की नवं विकत घ्या आणि सरळ घाला, पुन्हा फादरकडे जायची गरज नाही. हे अनेकांना माहीत नसतं. विधीच्या दिवशी, १६ जुलैच्या फेस्ताला आणि कार्मेलच्या मोठ्या संतांच्या दिवशी नेहमीच्या अटी पाळणाऱ्याला पूर्ण इंडल्जन्स मिळतं, म्हणजे माफ झालेल्या पापाची जी शिक्षा उरते तिची सूट.

तुमच्या टोपलीतली आशीर्वाद दिलेली आहेत का?

नाहीत, आणि नसायलाच हवीत. आशीर्वाद दिलेली वस्तू त्या आशीर्वादाची किंमत लावून विकायची नसते. "फादरनी मंतरलेलं आहे, म्हणून दहा रुपये जास्त" असं कोणी म्हणालं तर पुढच्या स्टॉलवर जा.

पुढे कोणता तुकडा, मागे कोणता?

कोणताही. चित्र नसलं तरी चालतं. महत्त्वाचं एवढंच की एक छातीवर, एक पाठीवर. दोन्ही पुढे घेऊन लॉकेटसारखं मिरवू नका.

आमच्याकडे घाम फार. आंघोळीला काढायचं का? त्याऐवजी पदक चालतं का?

काढलं तर पाप नाही. आंघोळीला काढा, पुसून झालं की घाला. माझ्या सासऱ्यांनी कधी काढलं नाही. ते बोटीवर होते, तारवटी. पर्शियन आखातात इंजिनरूममध्ये बेंतीन घालून काम करायचे आणि सुट्टीवर घरी येत तेव्हा त्या तुकड्याचा रंग ओळखू यायचा नाही. दर खेपेला सासूबाईंनी नवं शिवून ठेवलेलं असे. दर्यावर्दी लोकांना कार्मेलची माता फार जवळची. कार्मेलच्या जुन्या स्तोत्रात तिला समुद्राचा तारा म्हटलं आहे. स्पेनच्या किनाऱ्यावर १६ जुलैला तिची मूर्ती होड्यांतून मिरवतात. आमच्याकडे १६ जुलैला दर्या खवळलेला, मासेमारी बंद, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या आणि माणसं इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये.

पदकाचं: उष्ण प्रदेशांतल्या मिशनऱ्यांनी हीच घामाची अडचण मांडली होती. १६ डिसेंबर १९१० रोजी पोप पायस दहावे यांच्या काळात परवानगी निघाली की कापडाऐवजी धातूचं पदक वापरता येईल. अटी तीन. पहिला विधी कापडाने झालेला असावा. पदकाच्या एका बाजूला आपलं पवित्र हृदय दाखवणारा येशू आणि दुसऱ्या बाजूला मरिया असावी. आणि पदकाला आशीर्वाद लागतो, तोही प्रत्येक नव्या पदकाला. कापडापेक्षा हीच गोष्ट कटकटीची.

तरी माझं मत विचाराल तर कापडच बरं. पदक कधी मळत नाही, आणि कामाचा कपडा मळायलाच हवा.

लाल, निळी, हिरवी का असतात?

तपकिरी कार्मेलचं, सगळ्यात जास्त खपणारं. पांढरं त्रिनितारियन संघाचं, त्यावर लाल-निळा क्रूस. काळं सर्व्हाइट संघाचं, सात दुःखांच्या मातेचं. लाल ख्रिस्ताच्या यातनांचं. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या आपोलीन आंद्रिव्हो या सिस्टरला झालेल्या दर्शनातून ते आलं. ही चार आणि निळं मिळून पाच तुकडे एकत्र शिवलेलंही मिळतं, जरा जाडजूड.

निळ्याशी जुन्या गोव्याचं नातं आहे, म्हणून थोडं जास्त सांगते. निष्कलंक गर्भसंभवाचं, म्हणजे मरिया आईच्या पोटात आल्यापासूनच निष्पाप होती या श्रद्धेचं, हे बेंतीन नेपल्सच्या उर्सुला बेनिनकासा या बाईपासून सुरू झालं. तिची मंडळी थिएटाइन संघाच्या छत्राखाली आली आणि १६७१ मध्ये पोप क्लेमेंट दहावे यांनी या बेंतिनाला आशीर्वाद देण्याचा अधिकार थिएटाइन फादरांना दिला. हे थिएटाइन १६४० मध्ये गोव्यात आले होते. मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना डावीकडे रोमच्या सेंट पीटरसारखा घुमट असलेलं सेंट कजेतानचं चर्च दिसतं ना, ते त्यांचं. पर्यटक घुमटाचे फोटो काढतात. निळ्या बेंतिनाबद्दल मला आजवर एकाच म्हातारीने विचारलं आहे.

हिरवं मात्र वेगळ्या कुळातलं. तुकडा एकच, दोरी एकच, १८४० मध्ये पॅरिसच्या झ्युस्तीन बिस्केब्युरू या सिस्टरपासून सुरू झालेलं. त्याला संघ नाही, घालण्याचा विधी नाही. आजारी माणसाच्या उशाखाली ठेवतात.

कार्मेलकर गोव्यात होते का?

होते. संत तेरेसाच्या शाखेचे, अनवाणी कार्मेलकर म्हणतात ते, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या गोव्यात आले. त्यांचा मठ होता, आता पडके अवशेष. त्या मठातल्या दोघांची गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी, पण नसते. पियेर बर्थलो हा फ्रान्समधल्या ऑनफ्लरचा खलाशी, जन्म १६००. पोर्तुगीजांचा मुख्य नाखुदा आणि नकाशे काढणारा झाला. मग समुद्र सोडून गोव्याच्या कार्मेल मठात शिरला आणि डायनिशियस हे नाव घेतलं. १६३८ मध्ये पोर्तुगीज वकिलात सुमात्रातल्या आचेला निघाली तेव्हा वाट दाखवायला नाखुदा हवा होता. त्यालाच पाठवलं, सोबत मठाचा द्वारपाल ब्रदर रेडेम्प्टस. आचेत दोघांनाही धर्म सोडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि ते मारले गेले. १९०० मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी.

पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज राजाशी बिनसून या परदेशी कार्मेलकरांना गोवा सोडावा लागला. १८३५ मध्ये तर सगळेच पुरुषांचे मठ बंद झाले. पण संन्यासी गेले तरी बेंतीन राहिलं. ते घराघरांतल्या बायकांच्या शिवणाच्या डब्यात होतं, तिथे हुकूम पोचत नाही. आज नुवेंचं कार्मेल कॉलेज चालवणाऱ्या सिस्टर कार्मेलच्याच आहेत. पेडण्याच्या बाजूला हरमलची इगर्ज कार्मेल सायबिणीची, म्हणजे मरिया मातेची. त्या भागात मराठी घरोघरी. तिथल्या बायका माझ्याशी बोलतात तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

आम्ही हिंदू आहोत. घेतलं तर चालेल का?

श्रद्धेने घ्या, कोणी हात धरणार नाही. विधी करून कार्मेलच्या संघात जाणं हे मात्र कॅथलिकांपुरतं, कारण त्यात बाप्तिस्म्याचा शब्द आधी धरलेला असतो. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू तेल वाहतात, शिरगावची लईराई देवी तिची बहीण मानतात. अशा मुलखात "तुम्ही हात लावू नका" म्हणणं मला जमणार नाही. फक्त नवस फेडायला, परीक्षेला, कोर्टाच्या तारखेला म्हणून मागितलं तर मी आधी वरचं ताईताचं उत्तर ऐकवते. त्यानंतरही घेणारे घेतात.

लहान मुलांना घालतात का?

घालतात. मला पहिल्या कोमुन्यावच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात त्या दिवशी घातलं होतं, पांढऱ्या फ्रॉकच्या आत. लोकर टोचते म्हणून मी मिस्साभर खांदे हलवत होते आणि आई मागून चिमटे काढत होती. अगदी तान्ह्या बाळाच्या गळ्यात दोरी ठेवू नका, फास बसू शकतो. पाळण्याच्या वर, बाळाचा हात पोचणार नाही असं खिळ्याला अडकवा.

चांगलं बेंतीन कसं ओळखायचं?

कापड विणलेलं आणि लोकरीचं हवं, ही जुनी रीत. बोटांत धरून चुरगाळा, लोकर परत फुगते. नमदा किंवा पॉलिएस्टर तसाच घडी पडून राहतो. शिवण चारही बाजूंनी असावी, नुसता डिंक नको. दोरी कापडाच्या दोन थरांमध्ये आत शिवलेली हवी, वरून टाके मारलेली निघून येते. दोरी सुती घ्या, नायलॉन मानेला कापतो.

मी एकदा फसले. एका वर्षी हात दुखत होता म्हणून बाहेरगावच्या एका घाऊक दुकानातून तयार माल मागवला, प्लॅस्टिक चढवलेला, रंग सुरेख. पुढच्या वर्षी त्याच जागी बसले तर कुडाळचे एक गृहस्थ समोर उभे. त्यांनी पिशवीतून पांढरा शर्ट काढून उलगडला. छातीवर तपकिरी चौकोन आणि पाठीवर तपकिरी चौकोन, इस्त्रीने छापल्यासारखे. ते रागावले नव्हते. म्हणाले, "धुतलं तरी जात नाही, म्हणजे कृपा कायमची झाली म्हणायची." मी त्यांना हातशिवणीची दोन दिली आणि उरलेला सगळा माल टोपलीतून काढून टाकला.

मेल्यावर काढतात का?

काढत नाहीत. गळ्यातल्यासकट पुरतात. सासूबाई गेल्या तेव्हा मी रात्रीत नवं शिवलं, चांगल्या लोकरीचं. अंघोळ घालणाऱ्या शेजारणीने ते बाजूला ठेवलं आणि म्हणाली, तुझ्या सासूने मला आधीच बजावून ठेवलंय, आहे तेच राहू दे. त्या जुन्याची एक कड विरलेली होती आणि त्यावर हळदीचा डाग होता.

जुनं झालं, तुटलं, तर काय करायचं?

घाबरायचं नाही. तुटलं म्हणजे काही वाईट होणार, असं काही नसतं. दोरी झिजते, तिचा तो स्वभाव. सुई-दोरा घेऊन शिवा, आणि शिवण्यापलीकडे गेलं तर नवं घ्या. जुनं कचऱ्यात टाकू नका. आशीर्वाद दिलेली वस्तू जाळतात किंवा पुरतात. सुती दोरीचं असेल तर चुलीत चालतं. प्लॅस्टिक चढवलेलं असेल तर जाळू नका, धूर घरभर होतो. ते पुरायचं, तुळशीच्या किंवा माडाच्या बुंध्याशी, पायाखाली येणार नाही अशा जागी. पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हा उलथन्यानेही खड्डा होतो.